गोजराबाईंचा विरोध

आमच्या यशोधरानगरात संसद होती. हसण्यासारखंच आहे, हसा. आम्हीही हसायचो.

नाशिकरोडच्या पलीकडे कॅनॉलच्या कडेने विटा-पत्र्याची जी वस्ती होती, तिच्या टोकाला आमचा बुद्धविहार. दर रविवारी सकाळी वंदना झाली की सतरंजी न गुंडाळता तिथेच सभा भरायची. अध्यक्ष माझे वडील, सावळीराम पगारे, हायस्कुलातून रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर. वस्ती त्यांना सर म्हणायची, मी आप्पा म्हणते.

आप्पांना तंबाखूचं व्यसन नव्हतं, पत्त्यांचं नव्हतं. त्यांना कायदा करण्याच्या इंग्रजी शब्दांचं व्यसन होतं. बिल, रीडिंग, असेंट, गॅझेट, ऑर्डिनन्स, रिपील. वस्तीतली पोरं-पोरी संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला विहारात बसत, तेव्हा आप्पा फळ्यावर रोज एक शब्द लिहीत आणि त्याच्यावर बोलत राहत. पोरांना पेपरात लिहिण्यापुरता अर्थ हवा असे. आप्पांना त्या शब्दाची इज्जत राखायची असे. वर्तमानपत्राने विधेयकालाच कायदा म्हटलेलं दिसलं की ते पेपर असा आपटायचे, की आई आतून विचारायची, "कोण गेलं?" आई आता नाही. तिने एकदा नवा कुकर मागितला, तर आप्पा म्हणाले, "प्रस्ताव विचारार्थ स्वीकारला आहे." संध्याकाळी ताट रिकामंच समोर आलं. "स्वयंपाकाचाही विचार चालू आहे," आई म्हणाली. कुकर दुसऱ्या दिवशी आला.

शिकवायचे मात्र छान. उगाच जड करून सांगायचे नाहीत.

"बिल म्हणजे पोटातलं मूल," ते सांगायचे. "दोन्ही सभागृहांत पास झालं म्हणजे बाळंतपण सुखरूप झालं. राज्यपालांची सही, म्हणजे असेंट, हे बारसं. आता त्याला बिल म्हणायचं नाही, ॲक्ट म्हणायचं. गॅझेटमध्ये छापून आलं, म्हणजे जन्माचा दाखला हातात आला."

"आणि सर, कमेन्समेंट?" साक्षीने विचारलं होतं. रोहित रिक्षावाल्याची ही बहीण, वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी.

"कमेन्समेंट म्हणजे मूल चालायला लागतं तो दिवस. कायदा लागू होण्याची तारीख. जन्मलेलं मूल आज ना उद्या चालतंच, त्याचा घोर लावून घ्यायचा नसतो."

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. देवळाली कॅम्पच्या पोस्टातली माझी ड्यूटी संपवून मी आले होते आणि विहाराच्या पायरीवर चपला काढत होते. त्या वेळी मलाही ते पटलं होतं.

तर आमची संसद. आप्पांनी तिला रीतसर तीन वाचनं लावून दिली होती. पहिल्या वाचनात ठराव नुसता वाचायचा, दुसऱ्यात त्याच्यावर भांडायचं, तिसऱ्यात हात वर करायचे. एकदा वर केलेला हात अध्यक्षांनी "नोंद घेतली" म्हणेपर्यंत खाली आणायचा नाही. आणि ठराव पास झाला की त्याच क्षणी लागू. रोहितच्या रिक्षाने विहाराचा दरवाजा अडतो, असा ठराव पास झाला, तर गडी "जय भीम" म्हणून उठला आणि सभा चालू असतानाच रिक्षा हलवून परत येऊन बसला. नळाला मोटर लावायची नाही असं ठरलं, त्याच दुपारी सगळ्यांच्या मोटरी निघाल्या. चौकीदार नाही, दंड नाही. बाहेरून आलेल्या माणसाला आम्ही हे कौतुकाने सांगायचो. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून केलेली गोष्ट मोडायची कुणाची छाती नव्हती, हे खरंच होतं. पण त्यातून आम्हाला एक खोड लागली. कायदा म्हणजे असाच असतो, पास झाला की झाला, असं आमच्या हाडात भिनलं. शिकवणाऱ्याच्याही भिनलं.

सुरुवातीला एक अडचण होती. कुठलाही ठराव आला की सगळ्यांचे हात एकदम वर. आप्पा वैतागले. "विरोधी पक्ष नसेल तर ही संसद कसली? हे भजनी मंडळ झालं." त्यांनी सभेवर नजर फिरवली. दाराशी गोजरामावशी डुलक्या काढत होती.

"गोजराबाई, आजपासून तुम्ही विरोधी पक्ष."

मावशी दचकून जागी झाली. "मी? काय करायचं आस्तं त्यात?"

"जो ठराव येईल त्याला विरोध करायचा."

"हां, मंग जमंल. घरी तेच करत आले." तिच्या शेजारी बसलेला तिचा नवरा चिमाजी सगळ्यात मोठ्याने हसला.

गोजरामावशी मूळची निफाडकडची. नाशिकरोड स्टेशनबाहेर टोपली घेऊन झेंडू-शेवंती विकायची. आमच्या भिंतीला तिची भिंत लागून. चिमाजी गवंडी होता. लोकांची घरं बांधता बांधता उरलेल्या, फुटक्या, कुणाला नको असलेल्या विटा तो सायकलीवरून आणायचा आणि सुट्टीच्या दिवशी एकेक थर चढवायचा. एका खोलीला आणि पुढच्या ओट्याला किती वर्षं लागली असतील कोण जाणे. भिंतीत तांबडी वीट, काळी वीट, कुठे सिमेंटचा ठोकळा, पण ओळंब्यात इतकी सरळ की नवे गवंडी बघायला यायचे. मावशीला लेकीशिवाय कुणी नाही, ती लेक राखी विंचूरला दिलेली. तेव्हा ते घर म्हणजेच तिचं सगळं होतं. ओटा ती रोज पुसायची आणि त्यावर चपला घालून चढलेल्याला शिव्या द्यायची.

विरोधी पक्षाचं काम मात्र तिने मनावर घेतलं. दिवाबत्तीला विरोध, भीमजयंतीच्या मंडपाला विरोध, वर्गणी काढून तिचं स्वतःचं गळकं छप्पर बदलायच्या ठरावालाही विरोध. हात वर, आणि खणखणीत, "विरोध!" ठराव पास व्हायचाच. मग तीच सगळ्यांत आधी कामाला लागायची.

चिमाजी कामावर परांचीवरून पाय घसरून पडला आणि गेला, तेव्हा रविवारी शोकठराव आला. सभा गप्प उभी होती. दाराशी मावशीचा हात वर गेला.

"विरोध," ती म्हणाली. "त्यानं मरायचं नव्हतं."

आप्पा "नोंद घेतली" म्हणायचंच विसरले. मावशी हात तसाच वर धरून रडत राहिली. मी कोपराने ढोसलं, तेव्हा त्यांनी ते दोन शब्द कसेबसे उच्चारले आणि तिचा हात खाली आला. तो दिवस वस्तीत कुणी विसरलं नसेल.

मग नव्या रस्त्याचं निघालं. कॅनॉलच्या कडेने मोठा रस्ता नेणार, जागा सरकारी, आम्ही अतिक्रमणवाले. चाळीस वर्षं लाइटबिल भरणारे, मतदान करणारे, आणि अतिक्रमणवाले. एक दिवस माणसं येऊन भिंतींवर लाल रंगाने फुल्या मारून गेली. मावशीने तिच्या भिंतीवरची फुली चुन्याने पुसली. ते पुन्हा मारून गेले, तिने पुन्हा पुसली. आप्पा वस्तीच्या वतीने कोर्टात गेले आणि आम्हाला स्टे मिळाला. पुढचा निकाल लागेपर्यंत घरांना हात लावायचा नाही. तेवढ्या कागदावर आम्ही जगत होतो. तारखांना रिक्षा भरून माणसं जायची आणि पुढची तारीख घेऊन यायची. पुरुषांचे रोज बुडायचे, बायका कोर्टाच्या आवारात डबे सोडून बसायच्या. दमलो होतो सगळे, हे सांगायला लाज कसली?

अशात ते बिल आलं. कॅनॉलच्या आणि नाल्यांच्या कडेला राहणाऱ्यांची घरं नियमित करायची, जागा नावावर करून द्यायची. आप्पा मोबाईलला कान लावून अधिवेशनाचं प्रक्षेपण ऐकत बसायचे, जेवण निवायचं. खालच्या सभागृहात पास झालं तेव्हा ते म्हणाले, "अजून नाही." वरच्या सभागृहात पास झालं तेव्हा म्हणाले, "अजून नाही." राज्यपालांची सही झाली, गॅझेटमध्ये छापून आलं, साक्षीने त्याची प्रत काढून आणली, तेव्हा आप्पांनी चष्मा पुसला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मनीषा, ॲक्ट." त्यांचे डोळे भरले होते. जन्मभर फळ्यावर लिहिलेला शब्द पहिल्यांदा त्यांच्या घरापर्यंत चालत आला होता. मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला होता, की आज तो आठवला तरी राग येतो.

त्याच आठवड्यात राकेशभाऊ पेढे घेऊन आले. आमच्या भागातले पुढारी. त्यांनी आप्पांच्या पायाला हात लावला, मुलांना पेढे भरवले आणि ओट्यावर बसून मुद्द्याचं बोलले. "सर, तुम्ही तर वाचलंच असेल. ज्यांची सरकारविरुद्ध केस चालू आहे, त्यांना यात घर मिळणार नाही. स्पष्ट लिहिलंय. आता कायदा तुमच्या बाजूने आहे, कोर्टकचेरी कशाला पाहिजे? केस मागे घ्या, पहिल्या यादीत यशोधरानगर टाकतो."

कलम होतं, ते खोटं बोलत नव्हते. आमच्या वकिलांना आप्पांनी फोन केला. वकील म्हणाले, "सर, जरा थांबून बघू." झालं, आप्पा उखडले. "दोन सभागृहांनी केलेला कायदा आहे. तुम्हाला तारखांवर जगायची सवय लागली आहे." वकिलांनीही मग ताणलं नाही. "तुम्ही सांगाल तसं," म्हणाले.

रविवारी वंदना झाली. विहार इतका भरला की पोरं खिडक्यांत बसली. आप्पांनी ॲक्टची प्रत उघडून एकेक कलम आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचलं. पहिल्याच कलमात लिहिलं होतं, की सरकार अधिसूचना काढून जी तारीख ठरवील, त्या तारखेपासून हा कायदा अंमलात येईल. तेही वाचलं. लपवलं काहीच नाही.

"तारीख कधी काढतील, सर?" मागून रोहितने विचारलं.

"काढतील. मूल जन्मलं आहे, बारसं झालं आहे," आप्पा म्हणाले. वर्गातली पोरं ओळखीचं हसली. ज्या सभेत रिक्षा सभा संपायच्या आत हलते, त्या सभेला तारखेची धास्ती कशी वाटावी?

तिसरं वाचन झालं. ठराव असा, की यशोधरानगरने कोर्टातली केस मागे घ्यावी. हात वर गेले. माझाही गेला. आप्पा सवयीने दाराकडे वळले.

"विरोधात?"

गोजरामावशीने पांढरं लुगडं नेसलं होतं, केसांत तिच्याच टोपलीतली शेवंती होती. ती उठून उभी राहिली. सगळे हसायच्या तयारीत.

"नाय सर," ती म्हणाली. "आज विरोध नाय. आज माझा हात पलीकडं धरा."

टाळ्या पडल्या, अशा की विहाराचे पत्रे वाजले. बायका तिच्या गळ्यात पडल्या. आप्पांनी "एकमताने" हा शब्द उच्चारला, मावशी विरोधी पक्ष झाल्यापासून पहिल्यांदाच. संध्याकाळी तिने ओट्यावर रांगोळी काढली, आणि चुन्याखालून दिसणाऱ्या लाल फुलीवर झेंडूचं तोरण बांधलं.

केस मागे घेतली. स्टे संपला.

त्यानंतर आप्पा रोज साक्षीला विचारायचे, "निघालं का नोटिफिकेशन?" ती मान हलवायची. राकेशभाऊ आधी "पुढच्या महिन्यात" म्हणायचे, मग "फाइल फिरतेय" म्हणायला लागले, मग फोन उचलेनासे झाले. आप्पांनी मंत्रालयात अर्ज पाठवले, मीच रजिस्टर्ड करून दिले. उत्तर आलं नाही. पण धीर सुटला नव्हता. ॲक्ट तर होता ना, गॅझेटच्या शिक्क्यासकट आमच्या ट्रंकेत होता.

मशिनं आली ती सकाळची, नळाला पाणी आलं त्या वेळेला. दोन जेसीबी, पोलिसांची व्हॅन, बायकापोलीस. बायका हंडे टाकून घरांकडे धावल्या. मी पोस्टात निघाले होते, तशीच मागे फिरले. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, ॲक्टची प्रत दोन्ही हातांनी छातीशी धरून रस्त्यात उभे होते.

अधिकारी तरुण होता. अरेरावी नव्हती त्याच्या बोलण्यात, आणि त्यानेच अंगाला जास्त आग लागली. त्याने प्रत हातात घेतली, चाळली, आणि मान हलवली.

"काका, ॲक्ट आहे, बरोबर आहे. पण लागू झाल्याचं नोटिफिकेशन दाखवा."

आप्पांनी प्रत परत घेतली.

"कोर्टाचा स्टे असेल तर तो दाखवा. स्टे असता तर मी आलोही नसतो."

आप्पांनी खिसे चाचपले. त्या खिशांत काय असणार होतं? मी त्यांचा चेहरा बघत होते. त्याने सांगितलेल्या सगळ्या शब्दांचे अर्थ माझ्या वडिलांना त्याच्यापेक्षा आधीपासून पाठ होते. कोणता शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे त्यांनी शेकडो पोरांना शिकवलं होतं. पण त्यांच्या वर्गात मूल आपोआप चालायला लागायचं. हे मूल कुणीतरी मुद्दाम अंथरुणात दाबून धरलं असेल, असं त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. कारण डोकं आमच्या विहारातल्या संसदेत तयार झालेलं.

"सामान काढायला वेळ देतो," अधिकारी म्हणाला आणि घड्याळाकडे बघत बाजूला झाला.

लोकांनी टीव्ही काढले, गाद्या काढल्या, गॅसच्या टाक्या काढल्या. बायका ओरडत होत्या, एकदोघी जेसीबीपुढे आडव्या पडल्या, त्यांना उचलून व्हॅनमध्ये घातलं. रोहित राकेशभाऊंना फोन लावत होता. तो लागत नव्हता, आणि तो पुन्हा लावत होता. गोजरामावशी तिच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती. तिने काहीच बाहेर काढलं नव्हतं. बायकापोलीस दोनदा येऊन गेल्या, ती हलली नाही. शेवटी आप्पा गेले.

"चला गोजराबाई. उठा."

"कायदा आलाय ना सर?"

"आलाय. पण..."

"मंग यांना सांगा ना."

"सांगितलं."

"तुम्ही इंग्लिशमधी सांगा. यांना मराठीत नाय कळत वाटतं."

आप्पा तिच्यापुढे वाकून उभे राहिले. त्यांनी नुसता हात पुढे केला. मावशीने बराच वेळ त्या हाताकडे बघितलं, मग तो धरून उठली. ओट्यावरून उतरताना तिने चपला हातात घेतल्या, नेहमीसारख्या, ओटा खराब होऊ नये म्हणून.

चिमाजीची भिंत जेसीबीने एका धक्क्यात पाडली. तांबड्या विटा, काळ्या विटा, सिमेंटचे ठोकळे, सगळं तोरणासकट खाली आलं. त्यानंतर आमची भिंत. मी बघितली नाही, मी मावशीला धरून पाठमोरी उभी होते. आवाज मात्र ऐकावाच लागला.

विहार रस्त्याच्या आखणीत येत नव्हता, तो राहिला. देश गेला आणि संसद उरली, असा आमचा कारभार झाला. काही दिवस आम्ही सगळे तिथेच सतरंज्यांवर पडून होतो, बाबासाहेबांच्या फोटोखाली चुली मांडून. आप्पांना कुणी बोललं नाही. एकाने जरी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उलट बायका त्यांना आधी चहा द्यायच्या, आणि ते तो कप हातात घेऊन बसून राहायचे. मग एकेक घर पांगलं. कुणी गावी गेलं, कुणी भाड्याच्या खोलीत. मी आणि आप्पा देवळाली कॅम्पच्या बाजाराच्या मागे एक खोली घेऊन राहिलो. मावशीला तिची लेक विंचूरला घेऊन गेली. जाताना मावशी आप्पांना भेटली नाही. मला वाटतं, तिला राग नव्हता. काय बोलायचं हे तिला सुचलं नसावं.

आप्पांचं शिकवणं बंद झालं. साक्षी दोनदा बोलवायला आली. ते म्हणाले, "पुस्तकात सगळं दिलेलं आहे." पेपर घेणंही बंद केलं. दिवसभर खिडकीशी बसायचे, खालून लष्कराच्या गाड्या जायच्या त्या बघायचे. मी त्यांच्यावर चिडायचे. नंतर चिडण्याचंही त्राण राहिलं नाही.

रस्ता झाला. डांबर पडलं, मधे कुंड्या आल्या. आमच्या घराची जागा कुठली हे विहारावरून अंदाजाने सांगावं लागायचं. आणि तो सगळा झाल्यावर एक दिवस साक्षीचा मेसेज आला. नोटिफिकेशन निघालं होतं. कायदा लागू.

मी मोबाईल आप्पांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. मग ट्रंक उघडून ॲक्टची प्रत काढली, व्याख्यांचं पान काढलं आणि बोट ठेवून पुन्हा वाचलं. घर म्हणजे, कायदा लागू होण्याच्या तारखेला उभं असलेलं बांधकाम. हेही त्यांनी त्या रविवारी सभेत वाचून दाखवलेलं होतं.

"गोजराबाईंना कळवायला हवं," ते म्हणाले.

"काय कळवणार आहात, आप्पा?" मी ओरडलेच. "त्यांच्या जखमेवर मीठ चोळायला विंचूरला जाणार?"

"त्या सभासद आहेत. ठरावाचं पुढे काय झालं ते सभासदाला सांगावं लागतं." बऱ्याच दिवसांत ते एवढं सलग बोलले होते.

गेलो. एसटी निफाडवरून गेली, दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, त्यांच्यावर फवारणीचा वास. विंचूरला राखीचं घर शोधलं. घर कसलं, एका बागायतदाराच्या कांद्याच्या चाळीची राखण जावयाकडे होती, चाळीला लागून पत्र्याची खोली. खोलीत लेक, जावई आणि त्यांची पोरं. मावशी चाळीच्या आडोशाला, बारदानाचा पडदा लावून. राखी आम्हाला बघून ओशाळली. "आत जागा नाय हो सर, ती स्वतःच म्हणती मला भायेरच बरं."

मावशी कांदे निवडत बसली होती. सडका एकीकडे, चांगला एकीकडे. निम्मी झाली होती ती. आम्हाला बघून तिने बारदान झटकून पुढे सारलं.

"बसा सर. जय भीम. मनीषा, किती वाळली गं तू."

आप्पा जमिनीवर बसले, पिशवीतून प्रत काढली. मला वाटलं, आता समजावून सांगतील, माफी मागतील, काहीतरी बोलतील. त्यांनी विहारात वाचायचे तसं वाचलं. आधी इंग्रजी, मग मराठी. कायदा अमुक तारखेपासून लागू झाला आहे.

"म्हंजी आला," मावशी म्हणाली.

"आला."

"आन् माझं घर?"

आप्पांनी पान उलटलं. "त्या तारखेला जी घरं उभी होती, तीच यात धरली आहेत."

मावशीने हातातला कांदा बघितला. तो चांगला होता, पण कुठल्या ढिगात टाकायचा हे तिला कळेना, तिने तो मांडीवरच ठेवला. पलीकडे पोरं खेळत होती, राखी त्यांना गप्प बसा म्हणून दटावत होती.

मग मावशीने पदराला हात पुसला आणि वर केला.

"विरोध," ती म्हणाली.

"कशाला, मावशी?" मी विचारलं. "आता कशाला?"

"त्या दिवसाचा. तेवढा एक राहिला व्हता माझा."

तिची नजर आप्पांवर होती. रागाने नव्हे, विहारात दाराशी बसून बघायची तशीच, अध्यक्षांच्या दोन शब्दांची वाट बघत. आप्पांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मी त्यांना कोपराने ढोसलं. "म्हणा ना, आप्पा." ते मान खाली घालून गुडघ्यावरच्या कागदाकडे बघत राहिले, आणि कागदावर टपटप पाणी पडायला लागलं.

मावशीचा हात वरच होता. कांद्याची सालं चिकटलेला, हाडं दिसणारा हात. मी पुढे होऊन तो खाली घ्यायला गेले, तर तिने घेऊ दिला नाही.